कागदावर तिचं नाव

आम्ही तळोजा आणि आसपासच्या गावांत बचत गटांचं समन्वयाचं काम करतो. आज तुमच्याशी दफ्तराबद्दल बोलायचं आहे. दफ्तर म्हटलं की शाळेत जाणाऱ्या पोराची पिशवी आठवते, नाहीतर तलाठ्याचं कपाट. गटाच्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्रही आठवेल : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि पाचवं म्हणजे लेखे. पहिली चार सूत्रं आपण बऱ्यापैकी पाळतो, आणि पाचव्याला सगळ्यात जास्त कंटाळतो. म्हणूनच आज या पाचव्या सूत्राचा इतिहास सांगावा, असं ठरवलं.

इतिहास म्हणजे तरी काय? कुणीतरी काहीतरी केलं आणि कुणीतरी ते लिहून ठेवलं. यातलं पहिलं काम बायांनी पुष्कळ केलं. दुसरं काम त्यांच्या वाट्याला फार कमी आलं. त्यामुळे बाईने गायलेलं गाणं राहिलं पण गाणारीचं नाव राहिलं नाही, बाईने भिंतीवर काढलेलं चित्र राहिलं पण काढणारी कोण ते कुणाला ठाऊक नाही, असं आपल्याकडे शेकडो वर्षं चाललं. जिथे नाव लिहिलं गेलं तिथे मात्र फरक पडला. तो कसा, ते आपल्या मांडवापासून पाहू.

आपल्या पनवेल-उरण पट्ट्यातल्या आगरी-कोळी लग्नांत धवलारीण असते. हळद असो, मांडव असो की लग्न लागण्याची वेळ, प्रत्येक विधीचा धवला वेगळा. कोणत्या वेळी काय ठेवायचं, कुणी कुणाला काय लावायचं, कोणत्या देवाला आणि पूर्वजाला आधी बोलवायचं, हे ती गाण्यातून सांगते आणि सगळे तसं करतात. म्हणजे ती नुसती गाणारी नव्हे, लग्न लावणारी. ज्या काळात बाईने पोथीला हात लावू नये असं बाहेरचं जग म्हणत होतं, त्या काळात आपल्या मांडवात पुरोहिताचं काम बाई करत होती. तिच्या हातात पुस्तक नव्हतं. सगळं पाठ, सासूकडून सुनेला, आईकडून लेकीला आलेलं. आता हॉलमधली लग्नं दोन तासांत उरकतात आणि डीजेच्या आवाजात धवला ऐकू येत नाही. धवलारीण म्हातारी झाली आणि शिकणारी कुणी पुढे आली नाही, तर तिच्याबरोबर लग्नाचा सगळा विधीच जातो.

लग्नात बाईने गायचं हे गाणं किती जुनं असेल? मराठीतली पहिली कवयित्री मानतात ती महदंबा. तिलाच महदाइसा असंही म्हणतात. ती तेराव्या शतकातली, महानुभाव पंथातली, चक्रधर स्वामींची शिष्या. तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नावर जी गाणी रचली त्यांचं नावच ‘धवळे’ आहे. आपल्याकडचा धवला आणि तिकडचा धवळा, शब्द एकच. सातशेहून जास्त वर्षं झाली तरी ते धवळे आज वाचायला मिळतात, विद्यापीठात शिकवले जातात, आणि ते महदंबेचे आहेत हे सगळ्यांना माहीत आहे.

तिच्या आधी आणि तिच्या काळात लग्नात गाणाऱ्या बाया काय कमी असतील? गावोगाव असतील. पण महानुभावांना लिहून ठेवायची सवय होती. गुरू काय बोलले, कुणी काय विचारलं, कुठे विचारलं, हे म्हाइंभटांनी माणसांना भेटून, विचारून ‘लीळाचरित्रा’त नोंदवलं. त्यात महदाइसा प्रश्न विचारताना भेटते, हट्ट करताना भेटते. पंथाने पोथ्या जपल्या, नकला केल्या, म्हणून ती राहिली. बाकीच्यांचं गाणं काही कमी प्रतीचं होतं असं नाही. त्यांच्याजवळ बसून लिहिणारं कुणी नव्हतं, इतकंच.

धवला आपल्यासारखा उत्तरेकडे डहाणू-जव्हारच्या वारली लग्नांतही आहे. तिथे त्या बाईला धवलेरी म्हणतात. वारली लग्नात घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. तो काढायचा सवाशिणींनी, आणि धवलेरीने गाऊन त्यात देवी पालघटाला बोलवायचं. चौकाशिवाय लग्न नाही. म्हणजे वारली चित्र ही मुळात बायांच्या हातची कला. लग्न झालं, पावसाळा आला, भिंत पुन्हा सारवली, की चित्र गेलं. पुढच्या लग्नात पुन्हा नवं.

१९७० च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आलं. गंजाडचे जिव्या सोमा म्हशे यांनी लग्नाबाहेरही, रोज, चित्रं काढायला सुरुवात केली. त्यांची चित्रं देशात आणि परदेशात गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तो मान त्यांच्या हाताचाच होता, त्यात वाद नाही. आपल्यालाही अभिमान आहे. पण एक प्रश्न मनात येतोच. त्यांच्या आधी पिढ्यान् पिढ्या चौक काढणाऱ्या किती सवाशिणींची नावं आपण सांगू शकतो? चित्र भिंतीवर होतं तोवर तो विधी होता, घरचं काम होतं. कागदावर आलं तेव्हा त्याखाली सही आली, किंमत आली, नाव झालं. आज वारली पाड्यांतल्या मुली आणि बायाही कागदावर, कापडावर चित्रं काढून विकतात. आपल्या गटांच्या प्रदर्शनातही ती चित्रं येतात. तेव्हा गटातल्या बायांना आमचं एकच सांगणं असतं : चित्राच्या कोपऱ्यात आपलं नाव घाला. पिशवीवर काढलंत तरी घाला.

आता जात्यावरच्या ओव्यांकडे येऊ. पहाटे चार वाजता दोघी जात्याला बसायच्या. घरात सगळे झोपलेले. त्या वेळी जे बोलता येत होतं ते दिवसा उजेडी कुणापुढे बोलता येत नव्हतं. सासरचा जाच, माहेरची आठवण, लेकीच्या जन्माला नाक मुरडणारे, सीतेवर झालेला अन्याय, पंढरीचा विठोबा, सगळं त्या ओवीत. मग गावात पिठाची गिरणी आली. दळणाचा त्रास वाचला, ते चांगलंच झालं. पण जातं थांबलं तशी ओवीही थांबली.

ओव्या गोळा करायचं काम आधीही झालं होतं. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ नावाने ओव्यांचा संग्रह केला. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतून कितीतरी खंड काढले. पुढे १९८० च्या दशकात पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांनी फार मोठं काम हाती घेतलं. मुळशी-मावळच्या डोंगरी भागात गरिबांच्या संघटनेचं काम करताना त्यांना या ओव्या ऐकू आल्या. मग गावातल्याच कार्यकर्त्या बाया वही-पेन घेऊन दुसऱ्या बायांकडे जाऊ लागल्या. हजाराहून जास्त गावं झाली, तीन हजारांहून जास्त गाणाऱ्या आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. पुढे कितीतरी ओव्यांचा आवाजही टेप करून ठेवला. आज ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या मोबाइलवर ऐकता येतात.

यातली आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती नोंदीची पद्धत. ओवीशेजारी गाणारीचं नाव आणि तिचं गाव. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्या त्यात आहेत, त्यांच्या नावांसकट आहेत. तोवर ओवी म्हणजे ‘लोकांची’. आणि लोकांची म्हणजे कुणाचीच नाही, असं व्हायचं. इथे ती एका बाईची झाली. जिला शाळा माहीत नव्हती, अंगठा उठवत होती, तिचं नाव कवीसारखं तिच्या ओवीपुढे लागलं.

तुम्ही म्हणाल, न शिकलेल्या बाईचं ठीक आहे, शिकलेल्या बाईने स्वतः लिहिलं तर ते राहतंच की. नाही राहत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची गोष्ट पाहा. १८८१ साली सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेवर खटला झाला. लोकलाजेपायी तिने नवजात मूल मारलं होतं. कोर्टाने फाशी सांगितली, पुढे ती शिक्षा कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. तेव्हा वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीलाच नावं ठेवायला सुरुवात झाली. ताराबाई पेटल्या. १८८२ साली त्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक पुण्यात छापलं गेलं. बायको मेली की नवरा लगेच दुसरी करतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच सगळं का सोडायचं? ज्या दोषांसाठी बाईला बोल लावता ते पुरुषांत नाहीत का? असे प्रश्न त्यांनी थेट पुरुषांना विचारले, तेही अगदी घरच्या, रोखठोक मराठीत. त्यावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी त्यांची बाजू घेतली.

आणि नंतर? ताराबाईंनी दुसरं पुस्तक लिहिलं नाही. लोक ते पुस्तकही विसरले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून लोकांपुढे आणलं. मधली ९३ वर्षं गेली. या ९३ वर्षांत आपल्या तीन-चार पिढ्यांच्या बायांनी तेच प्रश्न स्वतःला एकटीने विचारले असतील, आणि आपणच काहीतरी वेडंवाकडं बोलतोय असं वाटून गप्प बसल्या असतील. आपल्याआधी कुणीतरी हे बोललं होतं, हे कळलं असतं तर त्यांना किती धीर आला असता! नुसतं लिहून भागत नाही. लिहिलेलं जपावं लागतं, आणि पुन्हा पुन्हा वाचून दाखवावं लागतं.

आपल्याच रायगड जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. महाडचा सत्याग्रह आपल्याला माहीत आहे. २० मार्च १९२७ ला चवदार तळं, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. त्या डिसेंबरच्या परिषदेला बायाही आल्या होत्या. बाबासाहेबांनी त्यांच्यासाठी वेगळं भाषण केलं. मुलींना शाळेत घाला, नीटनेटकं राहा, जातीची खूण दाखवणारं लुगडं नेसणं सोडा, असं सांगितलं. बायांनी ते लगेच अंगी बाणवलं. १९४२ च्या जुलैत नागपूरला दलित महिला परिषद झाली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा होत्या, आणि हजारो बाया जमल्या होत्या.

पण चळवळीच्या पुस्तकांत कितीतरी वर्षं या बाया ‘महिलाही मोठ्या संख्येने उपस्थित होत्या’ एवढ्याच एका वाक्यात असायच्या. मग कोकणातल्याच उर्मिला पवार आणि त्यांच्याबरोबर मीनाक्षी मून या दोघींनी ठरवलं की त्या बायांना शोधायचं. त्या म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्यांकडे गेल्या, बसल्या, विचारलं, लिहून घेतलं. १९८९ साली त्यांचं पुस्तक आलं, ‘आम्हीही इतिहास घडवला’. कोण कुठल्या सभेला गेली, कुणी वसतिगृह चालवलं, कुणी घरचा विरोध सोसला, हे आज आपण वाचू शकतो. दोघींनी आणखी दहा-वीस वर्षं थांबायचं ठरवलं असतं, तर सांगायला त्यातल्या किती बाया उरल्या असत्या?

मैत्रिणींनो, आपल्याकडेही ही वेळ आली आहे. १९७० साली सिडको आली. तेव्हाचे ठाणे आणि कुलाबा जिल्हे मिळून ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. दर जानेवारीत आपण त्यांना वंदन करतो, आणि करायलाच हवं. पण त्या लढ्यात बायाही रस्त्यावर होत्या. कडेवर मूल घेऊन गेल्या, पुरुष कोठडीत असताना घर, भात आणि जनावरं सांभाळली. त्यांची नावं कुठल्या फलकावर आहेत? तेव्हा पंचविशीत असलेली बाई आज पासष्टीच्या पुढे आहे. तुमच्या गल्लीत आहे. कदाचित तुमची सासूच आहे.

आता सगळ्यात नाजूक विषय. सरकारच्या दफ्तरात बाईचं नाव कुठे सापडतं? गावचा जुना फेरफार, म्हणजे गाव नमुना सहा, उघडून पाहा. बाप वारला की वारस म्हणून भावांबरोबर बहिणींची नावं लागतात. पुढच्याच एखाद्या नोंदीत त्याच बहिणींनी हक्क सोडल्याचं दिसतं आणि नावं कमी होतात. म्हणजे बाईचं नाव कागदावर आलं ते जणू सोडून जाण्यापुरतं. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला, आणि २००५ साली तो देशभर झाला. त्याच्याही आधी, १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं होतं आणि त्यानंतर ‘लक्ष्मीमुक्ती’ सुरू झाली. ज्या गावातले शंभर शेतकरी आपल्या बायकोच्या नावाने जमिनीचा तुकडा करतील ते गाव लक्ष्मीमुक्तीचं गाव. कायदा येण्याआधी लोकांनी हे केलं, आणि तेही कोरडवाहू भागातल्या साध्या शेतकऱ्यांनी.

आपल्या भागात जमिनीला सोन्याचा भाव आला. त्यामुळे सणाला माहेरी बोलावतात, ताट वाढतात आणि जेवण झाल्यावर कागद पुढे करतात, हे पुष्कळ घरांत घडलं आहे. भावाचं माहेरपण तुटू नये म्हणून बहीण सही करते. सही करायची की नाही, हा जिचा तिचा प्रश्न. नाती तिलाच सांभाळायची असतात आणि बाहेरून कुणी तिला शहाणपण शिकवू नये. पण आमचं एवढंच म्हणणं आहे की कागद वाचल्याशिवाय सही नको. त्यात काय लिहिलं आहे, कोणती जमीन, किती, हे कळू दे. घरी घेऊन जाते, दोन दिवसांनी सांगते, असं म्हणायची सवय लावून घ्या. देत असाल तर आपण काय दिलं हे तरी ठाऊक असू दे. ते दानही मग आपल्या नावावर राहील.

एक बदल चांगला झाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदावर आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असं लिहायचं महाराष्ट्र शासनाने ठरवलं. नऊ महिने पोटात वाढवून जिचं नाव दाखल्याच्या एका रकान्यात असायचं, ती आता लेकराच्या नावात आली. अंगणवाडीत, शाळेत नाव घालायला जाल तेव्हा ते तसं लागलंय का, हे नीट बघून घ्या.

मग आपण काय करायचं? आम्ही आमच्या गटांत जे सुचवतो ते तुम्हालाही सांगतो. मासिक बैठकीत बचत-कर्जाचं काम झालं की दहा मिनिटं काढा. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईला बोलवा, नाहीतर तिच्या ओटीवर जाऊन बसा. धवला येत असेल तर धवला, ओवी येत असेल तर ओवी, नाहीतर चौऱ्याऐंशीची गोष्ट. मोबाइलवर आवाज भरा. भरण्याआधी तिला विचारा की भरू का, आणि कुणाला ऐकवू. काही गोष्टी तिला आपल्यापुरत्याच ठेवायच्या असतील, तर त्या तशाच ठेवा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तिचं पूर्ण नाव, माहेर, सासर आणि तारीख बोला. मोबाइल हरवतो, म्हणून तेच गटाच्या एका वेगळ्या वहीतही लिहा. जुन्या फोटोंच्या मागे कोण कुठे उभी आहे ते पेन्सिलने लिहून ठेवा. आज ओळखणारं कुणीतरी आहे, उद्या नसेल.

हे काम मोठ्या लोकांचं आहे असं समजू नका. मुंबईत ‘स्पॅरो’ नावाचा बायांचा संग्रह १९८८ साली उभा राहिला. बायांच्या मुलाखती, फोटो, पोस्टर, पत्रं असं सगळं तिथे जपतात. तिथेही एकेका बाईसमोर बसून, तिचं ऐकूनच सगळं गोळा झालं आहे.

आणि गटाचं इतिवृत्त! ‘सर्व सदस्य उपस्थित, ठराव मंजूर’ असं दोन ओळींत आटपू नका. ठराव कुणी मांडला, अनुमोदन कुणी दिलं, विरोध कुणी केला आणि का केला, ते नावानिशी लिहा. आजारी सदस्याच्या घरी भाकरी कुणी पोहोचवली तेही लिहा. पन्नास वर्षांनी तळोज्याच्या बाया कशा जगत होत्या हे एखाद्या मुलीला जाणून घ्यायचं असेल, तर कंपन्यांची दफ्तरं तिला ते सांगणार नाहीत. तुमची वही सांगेल.

येत्या बैठकीला वही उघडाल तेव्हा पहिल्या पानावर गटाच्या सगळ्या जणींची पूर्ण नावं लिहा. अमक्याची बायको, तमक्याची आई असं नको. आईचं नाव घालून लिहा, माहेरचं गावही लिहा. शाई चांगली वापरा.